‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ : एका वाचनपद्धतीचे सामर्थ्य आणि मर्यादा

सप्टेंबर १९६८ मध्ये अटलांटिक सिटीत ‘मिस अमेरिका’ स्पर्धेविरुद्ध निदर्शने झाली आणि अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळ देशभर चर्चेचा विषय झाली. साहित्याच्या वर्गात या चळवळीचे पडसाद ठळकपणे उमटले ते १९७० मध्ये, केट मिलेट यांच्या ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ या ग्रंथामुळे. मूळचा हा कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरेटचा प्रबंध. विद्यापीठीय प्रबंधाच्या वाट्याला क्वचितच येणारा वाचकवर्ग त्याला लाभला.

ग्रंथाचा आरंभ सिद्धान्ताने होत नाही. हेन्री मिलर, नॉर्मन मेलर व ज्याँ जेने यांच्या लेखनातील संभोगवर्णने मिलेट आधी समोर ठेवतात आणि त्यांतील सत्तासंबंध उलगडून दाखवतात. एक गट दुसऱ्यावर नियंत्रण ठेवतो ती व्यवस्था म्हणजे राजकारण, हा व्यापक अर्थ स्वीकारल्यावर शयनगृह त्याबाहेर राहत नाही. तोवर ‘धीट’, ‘मुक्त’ म्हणून वाखाणलेल्या गद्यातील स्त्रीद्वेष यामुळे उघडा पडला. जेने यांच्या समलिंगी जगात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या भूमिकाच ठरतात, हे त्यांचे निरीक्षण तर ग्रंथातील सर्वांत सूक्ष्म म्हणावे लागेल.

अडचण येते ती निवेदक आणि लेखक यांतील अंतर पुसले जाते तेथे. मेलर यांच्या ‘अॅन अमेरिकन ड्रीम’मधील रोजॅक पत्नीचा खून करून शिक्षेवाचून सुटतो, मिलेट हे थेट लेखकाचे स्वप्न मानतात. मेलर यांनी १९७१ मध्ये ‘द प्रिझनर ऑफ सेक्स’ लिहून अवतरणे संदर्भ तोडून दिल्याचा आरोप केला. तो सर्वस्वी निराधार नव्हता, पण मूळ प्रश्नाचे उत्तरही नव्हते. अधिक गंभीर आक्षेप तोरिल मोई यांनी १९८५ मध्ये घेतला: सिमोन द बोव्हार व मेरी एलमन या पूर्वसुरींचे ऋण मिलेट पुरेसे मान्य करीत नाहीत. चळवळ स्वतःला नवी समजत असताना पूर्वपरंपरेचे असे विस्मरण सहज घडते. समीक्षेत मात्र ते क्षम्य नाही. शिवाय लेखिकांना येथे फारच अल्प जागा आहे. शार्लट ब्राँटे यांच्या ‘व्हिलेट’वरील मोजकी पाने मात्र वेगळी आहेत. तेथे मिलेट आरोपपत्र बाजूला ठेवतात. लूसी स्नोच्या कोंडलेपणात सुटकेची धडपड शोधतात. एलेन शोवॉल्टर यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे लेखिकांच्या परंपरेचा जो शोध घेतला, त्याची चाहूल मेलर-प्रकरणापेक्षा या पानांत अधिक स्पष्ट लागते.