हरिण, लग्न आणि डोंगर

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या धाकट्याचा पिट्सबर्गहून फोन आला. "आई, ऑफिसातली मंडळी नाताळानंतर डोंगरात हरणाच्या शिकारीला निघालीत. मलाही बोलावलंय. बंदूक मी धरणार नाही गं, फक्त सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे आहे." पेन्सिल्व्हेनियात बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सुमारास असतो आणि नाताळानंतर ऐन थंडीत जुन्या चकमकीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो, हेही त्यानंच सांगितलं. मी गप्प बसले. त्याला वाटलं, आई रागावली. म्हणाला, "तू 'द डिअर हंटर' बघ. इथल्या जवळच्याच क्लेअरटन गावची गोष्ट आहे. मग बोलू."

मायकेल चिमिनोचा हा १९७८ सालचा चित्रपट तीन तासांचा. पाच ऑस्कर मिळालेला. दोन दुपारी मिळून मी तो पाहिला. पोलाद कारखान्यातले मित्र. त्यातले तिघे व्हिएतनामच्या युद्धावर निघालेत. जाण्याआधी एकाचं लग्न लागतं आणि त्यानंतर लगेच नवरदेवाला मागे ठेवून बाकीचे डोंगरात शिकारीला जातात. लग्नातलेच कपडे अंगावर, गाडीत खाण्यापिण्याची चंगळ.

या शिकारीत तयारी मनापासून केलेला एकच, मायकेल. रॉबर्ट डी नीरोनं हे काम केलंय. हरिण एका गोळीत पडलं पाहिजे, हा त्याचा नियम. जॉन कझालनं केलेला स्टॅन नेहमीप्रमाणे बूट विसरून येतो आणि मायकेल त्याला आपले जादा बूट देत नाही. हे पाहताना मला हसू आलं. आमच्या शिखरजीच्या यात्रेत दरवेळी शाल विसरणारी एक मैत्रीण आहे. तिला आम्ही बोलून घेतो खूप, पण शाल देतो. मायकेलची शिस्त खरी आहे. तिच्यात माया नाही. दिग्दर्शकानं ही गोष्ट भाषण न देता नुसत्या बुटांवरून दाखवलीय. हे त्याचं यश मानायला हवं.

पण लग्नानंतर लगेच शिकार म्हटल्यावर आपल्या बायकांना कोण आठवणार? नेमिनाथ. वरात निघालीय, आणि मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानावर येतो. तो नवरदेव रथ फिरवतो आणि गिरनारचा डोंगर चढतो. इकडे मित्र मांडवातून उठून डोंगरावरच जातात, मारायला. दोन्हीकडे बायका खालीच राहतात. पण राजुलला आपल्या कथेत स्वतःची वाट आहे, तीही गिरनार चढते. मेरिल स्ट्रीपची लिंडा मात्र शेवटपर्यंत वाट पाहत बसते. एवढी ताकदीची नटी, आणि तिला करायला काय दिलंय? वाट पाहणं आणि रडणं.

गृहिणीच्या नजरेला आणखी एक गोष्ट खटकली. हरिण गाडीच्या बॉनेटवर बांधून गावात येतं. पुढच्याच दृश्यात मंडळी बारमध्ये, एकजण पियानो वाजवतोय. मधलं सगळं गेलं कुठे? ते कुणी सोललं, कुणी कापलं, रक्त कुणी धुतलं? दिग्दर्शकाला डोंगर, धुकं आणि चर्चमधल्यासारखं समूहगान हवंय. तो डोंगरसुद्धा पेन्सिल्व्हेनियातला नाही. दूर पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतात ते चित्रण झालंय. शिकारीला देवळाची शोभा द्यायची, म्हणून गावाजवळच्या साध्या टेकड्या पुरल्या नसाव्यात.

युद्धाहून परतलेला मायकेल पुन्हा डोंगरात जातो. हरिण समोर येतं, आणि तो मुद्दाम वर गोळी झाडतो. या दृश्यात मायकेल बदलला, असं समजायचं. मलाही क्षणभर भरून आलं. पण तिथून खोपटात परतल्यावर तो काय करतो? रिव्हॉल्वर नाचवणाऱ्या स्टॅनचा त्याला संताप येतो. त्यात एकच गोळी ठेवून तो ते स्टॅनच्याच कपाळाला लावतो आणि चाप ओढतो. नशीब, गोळी सुटत नाही. हरणाला जीवदान आणि मित्राच्या डोक्याला बंदूक! माझ्या मते चित्रपटातली सर्वांत खरी जागा हीच आहे. दया एका दुपारी येते, मुरायला वेळ लागतो. आणि हरणाचा चेहरा इतक्या प्रेमानं जवळून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला व्हिएतनामी माणसांचे चेहरे मात्र बहुतेक क्रूरच दिसावेत, हे मी या चित्रपटाला माफ करू शकत नाही.

आपल्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगतात: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवताना, शेती करताना, जीव वाचवताना जी होते ती गृहस्थाला पूर्ण टळत नाही. ठरवून केलेली, ती संकल्पी. ती मात्र सोडायचीच. म्हणजे हंगाम बघणं, वाऱ्याची दिशा बघणं, बर्फातल्या खुरांचा माग काढणं, सामानाची यादी करणं, हे सगळं गोळी सुटण्याआधीचंच आहे. शिवाय कृत, कारित, अनुमोदना आहेच. यादी करणारा कुठल्या खान्यात बसतो?

आणि मी? पहिल्या शिकारीत मायकेलनं नेम धरला तेव्हा माझा श्वास अडकला होता. नेम लागावा, असंच मला त्या क्षणी वाटलं होतं. ज्यांचं लांछन हरिण, त्या शांतिनाथांना रोज हात जोडणारी मी! चांगला चित्रपट आपल्याकडून अशी अनुमोदना गुपचूप वसूल करतो. म्हणूनच तो डोळे उघडे ठेवून पाहावा.

मुलाला मी हेच सांगितलं, आधी माझी कबुली आणि मग यादीचा प्रश्न. 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. तो म्हणाला, "बघतो."

दोन दिवसांनी फोन आला. हवापाण्याचं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाला, "आई, यादीचं काम मी दुसऱ्याला दिलं." जाणार की नाही, ते मी विचारलं नाही.