जुने खून आणि टी.व्ही.चा पडदा

खुनाच्या जुन्या प्रकरणांवरील कार्यक्रमांचे सध्या टी.व्ही.वर पेव फुटले आहे. इस्रायलात असो, मुंबईत असो की आमच्यासारखे जर्मनीत असो, आपल्या घरोघरी रात्रीची जेवणे आटोपली की कोणी ना कोणी ते पाहत बसलेले असते. 'नुसते पाहायला काय हरकत आहे?' असे विचारणाऱ्या वाचक बंधुभगिनींसाठी हे चार शब्द.

जर्मनीत या सर्वांची आजी म्हणजे झेडडीएफ वाहिनीवरील 'आक्टनत्साइखन एक्सवाय'. एदुआर्ड त्सिमरमान यांनी २० ऑक्टोबर १९६७ रोजी तो कार्यक्रम सुरू केला. २००२ पासून रूडी सेर्ने तो सादर करीत आले आहेत. नटनट्यांकडून गुन्ह्याचा प्रसंग करवून घ्यायचा आणि मग पोलीस अधिकाऱ्याने विचारायचे, ही पिशवी कोणी ओळखता का? त्या रात्री ही मोटार कोणी पाहिली का? ब्रिटनचा 'क्राइमवॉच' १९८४ साली याच वळणावर निघाला. येथे प्रेक्षकाला काहीतरी काम असते, म्हणून हा कार्यक्रम आम्ही पाहतो. पार्श्वसंगीत मात्र नको वाटते. रुग्णालयात रात्रपाळीला माणूस जातो तेव्हा वाद्ये वाजत नाहीत.

इतर मालिकांचे तसे नाही. निकाल लागून शिक्षा भोगून झालेली प्रकरणेही त्या उकरून काढतात. खुन्याचे बालपण, त्याची आई, त्याचा एकटेपणा यांवर तासभर खर्च होतो. मेलेल्याच्या वाट्याला एक फोटो, तोही शाळेतला!

हा वाद जर्मनीला नवा नाही. २० जानेवारी १९६९ रोजी लेबाख येथील दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याचे चार सैनिक मारले गेले. त्या तपासाला एक्सवाय कार्यक्रमाचीच मदत झाली. आरोपींनी वापरलेले खोटे नाव त्यात सांगितले गेले आणि एका नावाजलेल्या ज्योतिषिणीने ते ओळखले. पुढे झेडडीएफने या खुनांवर चित्रपट केला. तेव्हा साथीदार म्हणून सहा वर्षांची शिक्षा झालेला इसम सुटण्याच्या बेतात होता. तो कोर्टात गेला आणि ५ जून १९७३ रोजी घटना न्यायालयाने चित्रपट दाखवण्यास मनाई केली: शिक्षा भोगलेल्या माणसाला पुन्हा समाजात उभे राहू द्यावे. १९९९ साली याच प्रकरणावरील दुसऱ्या वाहिनीच्या चित्रपटाला मात्र, नावे बदललेली असल्याने आणि मधे तीस वर्षे गेल्याने, त्याच न्यायालयाने वाट मोकळी करून दिली. दोन्ही निकाल आम्हांला पटतात. खटकते ते एवढेच की दोन्ही वेळा तोलले गेले ते गुन्हेगाराचे हित आणि वाहिनीचे स्वातंत्र्य. त्या चार सैनिकांच्या आईबापांचे पारडे तराजूला नव्हतेच.

मग जुने खून उकरूच नयेत काय? असे आम्ही म्हणणार नाही, आणि आपण यहुदी लोकांनी तर मुळीच म्हणू नये. जर्मनीत खुनाच्या खटल्याला पूर्वी वीस वर्षांची मुदत असे. नाझींचे खुनी त्या मुदतीआड सुटतील म्हणून १९६५ साली मुदतीची सुरुवात पुढे ढकलण्यात आली, १९६९ साली ती तीस वर्षे झाली आणि ३ जुलै १९७९ रोजी पार्लमेंटने २५५ विरुद्ध २२२ मतांनी ती कायमची रद्द केली. त्याच वर्षी जानेवारीत 'होलोकॉस्ट' ही अमेरिकन मालिका येथे दाखवली गेली होती. एका यहुदी कुटुंबाची ती कहाणी पाहून घरोघरी मुले वडिलांना प्रश्न विचारू लागली. म्हणजे टी.व्ही.ने जुने खून दाखवले आणि देशाचे मन हलले, असेही घडले आहे. आज चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुलीचा खुनी कपड्यावरच्या डागाच्या डीएनए तपासणीने सापडतो आणि कोर्टात उभा राहतो, तो याच कायद्यामुळे. कार्यक्रमात हे कोणी सांगत नाही.

आमच्या मुलांना आम्ही एवढेच विचारतो: कार्यक्रम संपल्यावर मेलेल्या माणसाचे नाव आठवते का? खुन्याचे त्यांना नेमके आठवते.