डबा आणायला जाताना वाजणारी धून

ही धून तुम्ही ऐकली आहे. नाव माहीत नसेल, पण ऐकली आहे. पावसाळी खिडकी, रात्रीचा मरीन ड्राइव्ह, कुणाच्या तरी साडीचा उडता पदर, अशा कुठल्याही रीलखाली ती असते. आधी छेडलेल्या तारांचा एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा ठेका, मग त्यावर सावकाश येणारं व्हायोलिन. ‘युमेजीज थीम’. सिनेमा बघायच्या कितीतरी आधीपासून मी तिच्यावर डोळे भरून येण्याइतकं प्रेम करत होतो.

त्यामुळे वाँग कार-वायचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) लावला तेव्हा मी खरं तर धुनेचीच वाट बघत होतो. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो. रूममेट झोपलेला, फोन उशीला टेकवलेला, कानात इअरफोन. वाटलं होतं, प्रेम जमलं की वाजेल.

ती वाजली माजाँगच्या टेबलाभोवती शेजारी जमलेले असताना. आणि मग, नूडल्स आणायला जाताना.

१९६२चं हाँगकाँग. शांघायहून आलेल्या लोकांची दाटीवाटीची घरं, त्यात शेजारी-शेजारी भाड्याने राहणारी दोन जोडपी. चाऊची बायको आणि सू ली-झेनचा नवरा यांचं जुळलंय. एक टाय आणि एक पर्स यांवरून उरलेल्या दोघांना ते कळतं. फसवणाऱ्या दोघांचे चेहरे कॅमेरा आपल्याला कधीच नीट दाखवत नाही. सू संध्याकाळी उंच कॉलरचा चिओंगसाम घालून, हातात डबा घेऊन जिना उतरते. चाऊही तिथेच जेवायला येतो. अरुंद जिन्यावर दोघं एकमेकांना ओलांडतात. दिव्याखाली वाफ, स्लो मोशन, आणि ती धून. (नूडल्स आणायला एवढं नटून कोण जातं, असं सिनेमातल्या बायकाही म्हणतात. सिनेमा कधी कधी स्वतःच्या देखणेपणावर भाळतो खरा, पण निदान त्याला ते माहीत आहे.)

मी सिनेमा थांबवला. मेसचा डबा आणायला मीही रोज रात्री एकटाच जायचो. त्या चालण्याला कुणी कधी संगीत दिलं नव्हतं.

ज्याला मी प्रेमाची धून समजत होतो, ती एकट्याच्या जेवणाची निघाली. ही दोघं मनातलं खरं बोलतात तिथे ती बहुतेक नसतेच. नवऱ्याला जाब कसा विचारायचा याची सू चाऊसमोर तालीम करते, तो नवऱ्याच्या वतीने कबुली देतो, आणि तिचा थप्पड मारायला उठलेला हात गालाला जेमतेम लागतो. तिथे धून नाही. ती बोलणं संपवून घेत नाही, बोलणं राहिलेलं असतं तिथे येते.

रीलवाल्यांनी धून पळवली, अशी तक्रार मात्र मला करता येत नाही. शिगेरू उमेबायाशीने ती या सिनेमासाठी केलीच नव्हती. सेइजुन सुझुकीच्या ‘युमेजी’ (१९९१) या चित्रकार ताकेहिसा युमेजीवरच्या जपानी सिनेमासाठी केली होती. वाँग कार-वायनेही ती उचललीच. फरक एवढाच की त्याने ती पुन्हा पुन्हा वाजू दिली. तोच जिना, तोच दिवा, तोच ठेका, फक्त तिचा चिओंगसाम बदललेला. म्हणजे मध्ये दिवस गेलेत, आणि काही घडलेलं नाही. वीस सेकंदांत व्हायोलिन मिळतं, हे दिवस मिळत नाहीत. आता मी व्हायोलिनपेक्षा खालचा ठेका जास्त ऐकतो. व्हायोलिन काय, कुणालाही रडवेल. तो ठेका मात्र रोज ठरल्या वेळी पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखा आहे.

शेवटी चाऊ कंबोडियात अंगकोर वाटला जातो. भिंतीतल्या एका भोकाला तोंड लावून आपलं गुपित सांगतो. दुरून एक लहान भिक्खू बघत असतो. इथे आपली धून नाही, मायकेल गलासोचं वेगळं संगीत आहे. चाऊ काय बोलला ते ऐकू येत नाही. मी मागे जाऊन दोनदा आवाज वाढवून पाहिला.