वीणा, तबला आणि चित्राची साक्ष

भाजे येथील लेण्यांत एक स्त्री दोन वाद्यांवर हात टाकून बसलेली आहे आणि जवळच दुसरी नृत्य करीत आहे. एवढ्या आधारावर तबला हा दोन हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे विधान वारंवार केले जाते. शिल्पाची साक्ष खोटी नव्हे; पण तिला जे विचारावयास नको, ते येथे विचारले गेले आहे. वादिका हातांनी वाजवीत आहे आणि वाद्ये दोन आहेत, इतके ते शिल्प सांगते. तबल्याचे तबलेपण मात्र पुडीवरच्या शाईत, त्या शाईमुळे निघणाऱ्या सुरेल नादात आणि बोटांच्या स्वतंत्र बोलांत आहे. दगडात यांपैकी काहीच उमटत नाही. नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांच्या मुखांवर मातीचा लेप देऊन ती स्वरात लावण्याचा विधी वर्णिला आहे. तेव्हा भाजे येथील वाद्यास पुष्करकुलातील म्हणावयास हरकत नाही. 'तबला' हा शब्द तर अरबी 'तब्ल'पासून आलेला, आणि आजच्या रूपातील वाद्याचा इतिहास अठराव्या शतकातील दिल्लीच्या मागे निःशंकपणे नेता येत नाही. आकृतीच्या साम्यावरून नाव मागे ढकलणे, हा येथील दोष होय.

याच्या नेमका उलट दोष 'वीणा' या शब्दाच्या बाबतीत घडतो. तेथे नाव टिकले आणि वस्तू पालटली. भाज्याच्याच, इंद्राचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पपटात धनुष्याकृती, अनेक तारांचे वाद्य दिसते. चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर राजा मांडीवर घेऊन वाजवितो, ते वाद्यही त्याच जातीचे. त्यास दांडीवर दाबून स्वर काढण्याचे पडदे नाहीत. प्रत्येक तार एकाच स्वराची. नाट्यशास्त्रातील सात तारांची चित्रा व नऊ तारांची विपंची ह्या वीणा अशाच होत, हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे त्या ग्रंथातील श्रुति-ग्रामविवेचन वेगळ्या प्रकाशात वाचावे लागते. पुढे दांडीची वीणा आली आणि धनुष्याकृती वीणा भारतातून जवळजवळ नाहीशी झाली. ब्रह्मदेशात मात्र 'सौंग' या नावाने तिचे कूळ आजही वाजते आहे. आनंद कुमारस्वामींनी १९३० साली वीणेच्या अंगांवरील लेखात हा मुद्दा शिल्पांच्या आधारे मांडला. केवळ कोशाच्या आधारे तो मांडता आला नसता. भाषाभ्यासकाने हे विशेषेकरून लक्षात ठेवावे, कारण शब्दाचे सातत्य म्हणजे वस्तूचे सातत्य, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते.

चित्रवाचनाची कसोटी घेण्यास आपला नंदुरबार जिल्हा विलक्षण अनुकूल आहे. काठीच्या होळीत कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधून नाचणारे बुध्ये पाहावयास मिळतात. आणि सातपुडा-सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावरी या फुंकवाद्यासही भोपळाच लागतो. एखाद्या जुन्या भिंतचित्रात माणसाच्या अंगाशी वाटोळी आकृती आढळली, तर ती वाद्य की वेष? चित्रकाराने केवळ रेषा दिली असेल, तर उत्तर चित्रात नाही. वारली चित्रांतील तारपानृत्यातही वादक मध्यभागी आणि नर्तकांची नागमोडी रांग त्याच्याभोवती असते. नृत्याची रचना ती प्रामाणिकपणे देते, परंतु तारप्याची लांबी त्यावरून मोजू नये. वादकाचे महत्त्व दाखविण्यासाठी वाद्य वाढविण्याची मुभा चित्रकारास आहे.

भाज्याच्या वादिकेस विचारता येत नाही. काठीच्या नर्तकास विचारता येते. म्हणून वाद्यचित्रांच्या नोंदवहीत चित्राची प्रतिकृती, वाद्याचे मोजमाप, ध्वनिमुद्रण आणि वाजविणाऱ्याच्या तोंडचे स्थानिक नाव हे चारही स्तंभ असावेत. स्थानिक नावाच्या जागी प्रमाण मराठीतील प्रतिशब्द मात्र लिहू नये. पावरीला 'बासरी' म्हटले की भोपळा नोंदीतून निसटलाच.