भिंतीवरचे हुसेन

मकबूल फिदा हुसेन हे नाव निघाले की आपल्या मंडळींच्या गप्पांत तीन विषय हमखास येतात: त्यांचे अनवाणी पाय, लिलावातले आकडे आणि वाद. चौथा विषय, म्हणजे चित्रे, बहुधा राहूनच जातो. खरे तर या माणसाबद्दल बोलण्याचा आपल्याला दुहेरी अधिकार आहे. १९१५ साली त्यांचा जन्म झाला पंढरपुरात आणि २००६ साली देश सोडल्यावर त्यांनी मुक्काम केला तो आपल्या या दुबईत. २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पंढरपूर ते दुबई हा प्रवास आपल्यापैकी कितीतरी जणांच्या ओळखीचा आहे.

मी काही कलासमीक्षक नव्हे. शिक्षणाने इंजिनियर, आणि पोट भरते ते सॉफ्टवेअरवर. पण आमच्या शास्त्रात एक साधा नियम आहे, तो मला चित्रांनाही लावावासा वाटतो. कोणतीही वस्तू ज्या कामासाठी घडवली, त्या कामावर ठेवून तिची परीक्षा करावी. पुलाची परीक्षा नकाशावर होत नाही. वर गाड्या धावू लागल्या की होते. हुसेनांच्या चित्रांचे मूल्यमापन आपण बहुतेक वेळा चुकीच्या जागी करतो, असे माझे म्हणणे आहे. लिलावाच्या दालनात त्यांची किंमत कळते. त्यांचा गुण कळतो तो लोक जातायेता पाहतात अशा भिंतीवर.

याचे कारण त्यांच्या उमेदवारीत आहे. तरुणपणी मुंबईत ते सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवत. हे काम वरवर हलके वाटते, पण त्याची शिस्त कडक असते. ट्राममधून जाणाऱ्याला दोन क्षणांत नट ओळखता आला पाहिजे. तिथे बारीक छटांचा खेळ उपयोगाचा नाही. हवी ती ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंग आणि दुरून उमगणारी आकृती. पुढे १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत हुसेन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपमध्ये आले, आधुनिक झाले, जगभर गेले. पण हातातली ती शिस्त सुटली नाही. त्यांचा लाल हा लांबून हाक मारणारा लाल आहे. त्यांचा घोडा चार रेषांत धावू लागतो.

हाच त्यांचा गुण आणि हाच त्यांचा दोष. प्रदर्शनात ओळीने त्यांचे बारा घोडे पाहिले तर सातव्यापाशी जांभई येते, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. हात सरावला की रेषा आपोआप येते आणि विचार मागे पडतो. तसे त्यांच्या बाबतीत अनेकदा झाले. पण तोच एक घोडा चहाच्या दुकानात, रुग्णालयात किंवा कॉलेजच्या जिन्यात लावून पाहा. तिथे तो अपुरा पडत नाही. तिथल्या माणसाला अर्धा तास चित्रासमोर उभे राहायला सवड नसते. त्याला दिवसातून दहा वेळा ओझरते दर्शन होते, आणि प्रत्येक वेळी चित्राने थोडा तजेला द्यावा एवढीच अपेक्षा असते. ही अपेक्षा लहान नाही. आनंदी, रंगीत चित्राला आपण पटकन ‘सजावट’ म्हणून बाजूला सारतो. पण रोज पाहूनही जे कंटाळवाणे होत नाही, ते काढणे फार अवघड असते.

अहमदाबादचे उदाहरण घेऊ. तिथे लकी नावाचे एक जुने रेस्टॉरंट आहे. कबरींच्या मधोमध टेबले मांडलेली, चहा आणि मस्काबन यांसाठी प्रसिद्ध. हुसेन तिथले नेहमीचे गिऱ्हाईक. २००४ साली त्यांनी या दुकानाला स्वतःचे एक चित्र भेट दिले आणि ते भिंतीवर लागले. तिकीट नाही, आमंत्रण नाही; चहाच्या किमतीत हुसेन. पुढे हुसेन देश सोडून गेले, पण चित्र भिंतीवरून उतरले नाही. मला ही गोष्ट कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

त्याच शहरातली गुंफा तर इंजिनियरने मुद्दाम पाहावी अशी. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेन यांनी मिळून १९९५ च्या सुमारास ती पुरी केली. जमिनीखाली फेरोसिमेंटची पातळ कवचे, वरून चिनी मातीच्या तुकड्यांचे घुमट, आत झाडांसारखे तिरके खांब. आकारांचे गणित संगणकावर मांडले आणि बांधकाम साध्या मजुरांच्या हातांनी झाले. आत एकही भिंत सरळ नाही, त्यामुळे चौकट टांगायची सोयच नाही. हुसेनांनी सरळ भिंतींवर, दारांवर, इतकेच काय वातानुकूलन यंत्रांवरही आकृत्या काढल्या. इथे चित्र आणि जागा वेगळी काढता येत नाहीत. म्हणून ही गुंफा मला त्यांच्या उत्तम कामांपैकी एक वाटते.

पण उघड्या जागेवर फुलांसारखे दगडही येतात. १९९६ साली याच गुंफेच्या आवारातल्या दालनावर हल्ला झाला आणि कलाकृतींची नासधूस झाली. देवदेवतांच्या त्यांच्या चित्रांनी अनेकांची मने दुखावली, खटले झाले. त्याचा निवाडा मी इथे करत नाही. वाचकांत दोन्ही मतांचे लोक आहेत. मला एवढेच दिसते की चित्रकाराने चित्र देऊन टाकले म्हणजे दान पुरे होत नाही. ती भिंत आपली आहे, असे तिथल्या लोकांनी मानावे लागते. लकीत मानले गेले.

दान पुरे न होण्याचा दुसरा, सौम्य प्रकारही आहे. १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे जवळजवळ १४ फूट लांबीचे चित्र एका डॉक्टरांनी दिल्लीहून नॉर्वेला नेले आणि ते पुढे ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे आले. भारतीय खेड्याची १३ दृश्ये कित्येक दशके तिथल्या एका कॉरिडॉरमध्ये होती, पण सर्वांची ये-जा असलेल्या कॉरिडॉरमध्ये नव्हे. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर आले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळीआधी तो कॉरिडॉर आठवला. रुग्णांच्या नजरेपर्यंत ते खेडे पोहोचले असते तर?

आता आपल्या शेजारी येऊ. दुबईहून विमानाने तासाभरावर दोहा. तिथल्या एज्युकेशन सिटीत २०१९ साली हुसेनांची ‘सीरू फिल अर्ध’ ही कलाकृती त्यांच्या मागे खुली झाली: काचेचे रंगीत घोडे, जुन्या मोटारी, उडण्याची यंत्रे, संगीत आणि प्रकाश. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथेच, त्यांच्याच एका रेखाटनावरून, ‘लौह व कलम’ हे त्यांचे संग्रहालय सुरू झाले. यंत्ररचना म्हणून हे काम दिपवते. तरी माझी तक्रार आहे. इथे प्रेक्षक पाहायला जातो, पाहतो आणि परततो. चहा घेता घेता नजर वर जावी, असे ते नाते नाही. ज्याची कला रस्त्यावर शिकलेली होती, त्याचा शेवटचा मोठा घाट दालनाच्या आत मांडला गेला. परदेशी आसरा घेतलेल्या माणसाला भिंती मिळतात, पण चहाचे दुकान मिळतेच असे नाही. हे आपणही जाणतो.

मग आपल्या दुबईत त्यांचा वारसा कुठे शोधायचा? मी सातव्यात शोधतो. पूर्वीच्या अल दियाफा, म्हणजे आजच्या २ डिसेंबर रस्त्यावर, २०१६ पासून इमारतींच्या बाजूच्या भिंतींवर देशोदेशींच्या चित्रकारांनी मोठी चित्रे काढली आहेत. ससाणा आहे, जुन्या अमिराती जीवनाची दृश्ये आहेत. सगळीच उत्तम नाहीत. काही पर्यटनाच्या पोस्टरसारखी गुळगुळीत झाली आहेत. पण खाली बसची वाट पाहणारे लोक आहेत, आणि चित्र त्यांच्यासाठी आहे. परीक्षेची जागा बरोबर आहे.

आपल्यातही रंगांत रमणारे पुष्कळ आहेत. त्यांची चित्रे वर्षातून एकदा, गणपतीत, हॉलच्या कोपऱ्यात दोन दिवस लागतात आणि मग पुन्हा पलंगाखाली जातात. त्यांतले एखादे दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, एखादे शाळेच्या वाचनालयात, एखादे कामगारांच्या खानावळीत, अर्थात मालकांच्या संमतीने, कायमचे लावता आले तर पाहावे. हुसेन आपल्याला झेपणार नाहीत. लकीची भिंत झेपेल.