क्लेपफिश, इरेना

क्लेपफिश, इरेना : (१७ एप्रिल १९४१ – ). ज्यू-अमेरिकन कवयित्री, निबंधकार व अनुवादक. जन्म वॉर्सा येथील ज्यूंच्या घेट्टोत (सक्तीच्या कोंडवस्तीत). तिचे वडील मिखाऊ क्लेपफिश हे अभियंते व ‘बुंड’ ह्या ज्यू कामगारांच्या समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते. नाझींविरुद्धच्या घेट्टोतील उठावात २० एप्रिल १९४३ रोजी ते मारले गेले. आईने आपली ओळख लपवून दिवस काढले. इरेनाला काही काळ कॅथलिक अनाथाश्रमात ठेवावे लागले. मायलेकी १९४६ मध्ये स्वीडनला व १९४९ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. शिकागो विद्यापीठाची इंग्रजीतील पीएच्.डी. तिने १९७० मध्ये मिळविली. पुढे बर्नार्ड महाविद्यालयात तिने दीर्घकाळ अध्यापन केले.

पूर्व यूरोपातील ज्यूंची बोली व साहित्यभाषा असलेल्या यिद्दिशला ‘मामे-लोशन’ (आईची भाषा) म्हणतात. परंतु इरेनाची पहिली भाषा पोलिश होती. यिद्दिश ती मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये, ब्राँक्स भागातील बुंडवादी वातावरणात व तेथील यिद्दिश शाळेत शिकली. सिटी कॉलेजात माक्स वाइनराइख ह्या श्रेष्ठ भाषाशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन तिला लाभले. नाझींनी मारलेल्या सु. ६० लाख ज्यूंपैकी बहुसंख्य यिद्दिशभाषक होते. त्यामुळे तिच्या काव्यातील मातृभाषा ही जन्मतः लाभलेली नसून उद्ध्वस्त वारशातून जाणीवपूर्वक स्वीकारलेली आहे. तिच्या कवितेचे मर्म ह्या विसंगतीत आहे.

*कीपर ऑफ अकाउंट्स* (१९८२) ह्या संग्रहातील ‘बाशेर्ट’ (म. शी. ‘विधिलिखित’) ही दीर्घ कविता तिच्या कीर्तीचा मुख्य आधार होय. कोण मेले व कोण वाचले, ह्यामागे कोणताही नैतिक न्याय नव्हता, हे ती परस्परविरोधी कारणांच्या याद्यांमधून दाखविते. शीर्षकातील दैववादाला कवितेचा आशयच छेद देतो.

*अ फ्यू वर्ड्स इन द मदर टंग* (१९९०, म. शी. ‘मातृभाषेतील काही शब्द’) ह्या निवडक काव्यसंग्रहाला एड्रिएन रिच ह्या कवयित्रीची प्रस्तावना आहे. त्यातील शीर्षककविता शब्दकोशासारखी रचलेली असून स्त्रीविषयक यिद्दिश शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ तीत दिले आहेत. समलैंगिक स्त्रीसाठी असलेला शब्द समाजात उच्चारलाच जात नसे, हे कवयित्री तेथेच नोंदविते. पुढे इंग्रजी ओसरत जाते व कवितेचा शेवट केवळ यिद्दिशमध्ये होतो. अर्थ सांगणारा आधार असा अचानक काढून घेतल्याने भाषा गमावणे म्हणजे काय, हे वाचकाला स्वतःच अनुभवावे लागते.

स्वतः समलैंगिक असलेल्या इरेनाला दोन आघाड्यांवर झगडावे लागले. यिद्दिश परंपरेत स्त्रियांना, विशेषतः समलैंगिक स्त्रियांना, स्थान नव्हते. तर समलैंगिक स्त्रियांच्या चळवळीत ज्यूद्वेषाकडे दुर्लक्ष होई. *कंडिशन्स* ह्या स्त्रीवादी नियतकालिकाची ती एक संस्थापक-संपादक होती. *नाइस ज्यूइश गर्ल्स* (१९८२) ह्या संकलनात तिचे लेखन आहे व *द ट्राइब ऑफ दीना* (१९८६) हे संकलन तिने मेलनी के/कांट्रोविट्झसह संपादिले. काद्या मोलोदोव्स्की, फ्रॅडेल श्टोक इत्यादींच्या लेखनाचे तिने अनुवाद केले. *फाउंड ट्रेझर्स* (१९९४) ह्या यिद्दिश लेखिकांच्या कथासंग्रहाला तिची प्रस्तावना आहे.

तिच्या काव्यातील यिद्दिश शब्द बहुधा प्राथमिक स्वरूपाचे आहेत व कवितेचा मुख्य भार इंग्रजीच वाहते, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. यिद्दिश आज मुख्यतः हसिदी ह्या धर्मनिष्ठ पंथाच्या समाजात दैनंदिन वापरात असून इरेनाचा वारसा मात्र धर्मनिरपेक्ष आहे. त्या वारशाचे भाषक थोडेच उरले आहेत. तथापि ती भाषेच्या पुनरुज्जीवनाचा दावा करीत नाही. मोजक्या शब्दांची ही तुटपुंजी पुंजी हीच तिच्या पिढीची खरी स्थिती होय. तिला ओघवत्या यिद्दिशचे रूप दिले असते, तर नुकसानीची खोली झाकली गेली असती. स्मरणरंजन टाळून हा तुटवडा काव्यरूप करणे, हे तिचे महत्त्वाचे कार्य आहे. तिची समग्र कविता *हर बर्थ अँड लेटर यिअर्स* ह्या नावाने २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.