लुई कूपेरुस यांच्या कादंबरीतील वातावरण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कादंबरीच्या घटकांची चर्चा करताना कथानक, पात्रचित्रण, निवेदन आणि भाषा यांच्यानंतर ‘वातावरणनिर्मिती’चा उल्लेख केला जातो. कथानकाला उठाव देणारी पार्श्वभूमी, एवढेच स्थान तिला बहुधा मिळते. डच कादंबरीकार लुई कूपेरुस (१८६३-१९२३) यांचे लेखन मात्र या समजुतीला छेद देते. त्यांच्या कादंबऱ्यांत वातावरण हीच घटिताला वळण देणारी शक्ती असते. प्रस्तुत लेखात या अंगाने त्यांच्या लेखनाचा विचार केला आहे.

लेखनप्रवास :
कूपेरुस यांचा जन्म हेग येथे झाला. बालपणीची काही वर्षे त्यांनी बटाविया (आजचे जकार्ता) येथे घालवली. १८८४ मध्ये ते कवी म्हणून पुढे आले; परंतु त्यांना कीर्ती मिळाली ती १८८९ मध्ये ग्रंथरूपात आलेल्या ‘एलिने व्हेरे’ या कादंबरीने. हेगमधील सुखवस्तू दिवाणखान्यांतील कोंदटपणा नायिकेची इच्छाशक्ती हळूहळू शोषून घेतो. तिचा शेवट हा एखाद्या प्रसंगाचा नव्हे, तर त्या हवेचा परिणाम वाटतो. १९०६ मधील वृद्धांविषयीच्या कादंबरीत सुमारे साठ वर्षांपूर्वी जावा बेटावर झालेल्या खुनाचे सावट हेगमधील तीन पिढ्यांवर पसरलेले आहे. येथे गतकाळ हेच वातावरण बनते.

‘मूक शक्ती’ :
१८९९-१९०० मध्ये कूपेरुस यांनी जावात वास्तव्य केले. त्यातून ‘डे स्टिले क्राख्त’ म्हणजे ‘मूक शक्ती’ (१९००) ही कादंबरी साकारली. लाबुवांगी या काल्पनिक गावाचा डच रेसिडेंट व्हान औडेक हा कर्तव्यदक्ष आणि बुद्धिनिष्ठ प्रशासक आहे. एका व्यसनी जावानी सरदाराला तो पदच्युत करतो. सरदाराच्या वृद्ध मातेने पायाशी पडून केलेली विनवणीही तो मानत नाही. त्यानंतर रेसिडेंटच्या निवासात अनाकलनीय प्रकार सुरू होतात. दगड पडतात, स्नानगृहात त्याची पत्नी लिओनी हिच्या अंगावर विड्याची लाल पिंक उडते आणि टाकणारा कोणी दिसत नाही. रेसिडेंट सत्तेच्या बळावर हे प्रकार थांबवतो, पण त्याचा आत्मविश्वास कायमचा ढासळतो. अखेरीस तो पदत्याग करतो.

या घटनांचे पूर्ण स्पष्टीकरण लेखक देत नाही. चांदणे, दमट उष्मा, बुरशी धरणाऱ्या वस्तू आणि गावाची शांतता यांतून एकच जाणीव घट्ट होत जाते : शासकाला शासितांचे मन कळलेले नाही. अर्थात, येथील वातावरण म्हणजे सत्तेच्या अज्ञानाचे रूप होय.

मर्यादा :
तथापि, एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. जावानी माणसांचा विरोध ‘गूढ’ ठरवला की, त्यामागील अपमान, आर्थिक शोषण आणि राजकीय इच्छा झाकली जाते. सरदार सुनारिओ वाचकाला बहुतांशी बाहेरूनच दिसतो. पौर्वात्य गूढतेच्या युरोपीय कल्पनेतून लेखक पूर्णपणे मुक्त नाही. परंतु कथानकाची रचना या गूढतेला एक निश्चित कारण पुरवते. पदच्युतीचा अपमान आधी घडतो. दगड नंतर पडतात. शिवाय कादंबरीच्या अखेरीस मक्केहून परतणाऱ्या हाजींची गर्दी दिसते. ही शक्ती केवळ भुताटकीची नसून संघटित होऊ शकणाऱ्या समाजाची आहे, असे या दृश्यातून सूचित होते. कार्यकारणाचा हा धागा दुर्लक्षून ही कादंबरी केवळ भयकथा म्हणून वाचणे म्हणजे व्हान औडेकचीच चूक पुन्हा करणे होय.

निष्कर्ष :
कूपेरुस यांच्या कादंबऱ्यांत वातावरण हे सजावट नसून विधान आहे. ते विधान कोणाच्या नजरेतून केले जाते आणि कोणाला मूक ठेवते, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. वातावरणप्रधान कादंबरीचे अध्यापन केवळ वर्णनसौंदर्यापाशी थांबले, तर हा प्रश्न विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणार नाही.